ढिगाचे घनफळ : चूक लपते कोपऱ्यात

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात नाकाडोंगरी हे गाव आहे. त्याच परिसरात डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजची उघडी खाण आहे. तेथील मँगनीज डायऑक्साइडचे धातुक टॉर्चच्या कोरड्या घटांसाठी वापरतात. धातुक असो, खडी असो वा मुरूम, ते मोजायचे तर सपाट माथ्याचा, उतरत्या बाजूंचा ढीग रचून टेपने मापे घेता येतात. पण मापे अचूक घेऊनही घनफळ चुकू शकते. ते कसे, पाहू.

समजा, ढिगाचा तळ १० मी. × ६ मी., माथा ६ मी. × २ मी. आणि उंची १.५ मी. आहे.

एक जण तळ व माथा यांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतो :
(६० + १२) ÷ २ × १.५ = ५४ घनमीटर.

दुसरा लांबी-रुंदीची सरासरी घेतो :
८ × ४ × १.५ = ४८ घनमीटर.

खरे कोणाचे? दोघांचेही नाही!

हा शेंडा कापलेला पिरॅमिडही नव्हे. तिरप्या कडा वर वाढवल्या तर त्या एका बिंदूत मिळत नाहीत, २.२५ मी. उंचीवर रुंदी संपते, तरी ४ मी. लांबी उरते, घराच्या आढ्यासारखी. अशा घनाकृतीला भूमितीत ओबेलिस्क म्हणतात. इजिप्तमधील निमुळत्या दगडी स्तंभांवरून हे नाव आले.

आता ढिगाचे मनाने तुकडे करू :

मधला ठोकळा : ६ × २ × १.५ = १८
लांब बाजूंच्या दोन पाचरी : २ × (½ × २ × १.५ × ६) = १८
आखूड बाजूंच्या दोन पाचरी : २ × (½ × २ × १.५ × २) = ६
कोपऱ्यांतील चार पिरॅमिड : ४ × (⅓ × २ × २ × १.५) = ८

एकूण ५० घनमीटर.

ठोकळा व पाचरी मिळून ४२ होतात. त्याबाबत तिन्ही रीतींचे एकमत आहे. भांडण फक्त कोपऱ्यांचे! पिरॅमिड हा आपल्या ठोकळ्याचा ⅓ असतो. पहिल्या रीतीने तो ½ धरला, दुसरीने ¼. एका घनमीटरला २ टन धरले, तर पहिल्या रीतीत ८ टन माल नसताना मोजला गेला. त्याचे पैसे कोणाच्या तरी खिशातून जाणार.

दर वेळी तुकडे करण्याची गरज नाही. मध्यावरचा छेद घ्या :

घनफळ = उंची ÷ ६ × (तळ + माथा + ४ × मध्यछेद)
= १.५ ÷ ६ × (६० + १२ + ४ × ३२) = ५० घनमीटर.

येथे तिन्ही क्षेत्रफळे आहेत.

तुम्ही करून पाहा : शेततळे म्हणजे उलटा ओबेलिस्कच. वरची मापे ३० मी. × २० मी., तळाची २४ मी. × १४ मी. आणि खोली ३ मी. असेल, तर त्यात पाणी किती मावेल?

(उत्तर : १,३८६ घनमीटर, म्हणजे १३,८६,००० लिटर.)