शेगडी घ्यायला जाताना तवा बरोबर ने

पोरी, रांजणगावला नवं घर लावताय, आनंद आहे. नातजावयांनी मोबाइलवर चार शेगड्यांचे फोटो पाठवले. चारही काळ्या काचेच्या, चारही देखण्या, आणि एकीवरही भांडं नाही. नुसत्या फोटोवरून शेगडीतलं काय कळणार? दुकानात जाशील तेव्हा आपला भाकरीचा तवा पिशवीत घालून ने. दुकानदार हसेल. हसू दे, त्याला घरी जाऊन भाकरी थापायची नाही.

तुझ्या सासरी बाजरी, माझ्या माहेरी दौंडला कालव्याच्या पाण्यामुळे गहू आणि ऊस, म्हणून तिकडे चपाती जास्त. पण तवा दोन्हीकडे रोज चढतो, आणि शेगडी घेताना त्याचाच विचार कोणी करत नाही. बर्नरचं तोंड लहान असलं की जाळ तव्याच्या मध्यावरच बसतो. भाकरी मधे करपते आणि कडेला कच्ची राहते. मग आच वाढवायची, गॅस जाळायचा, आणि बाजरीलाच नावं ठेवायची. एक बर्नर तरी रुंद तोंडाचा हवा, आणि तो ज्या हातानं तू भाकरी टाकतेस त्या बाजूला हवा.

तीन बर्नर म्हणजे तीन भांडी, असं धरून चालू नकोस. मोठ्या बर्नरवर तवा ठेव, शेजारच्यावर कुकर ठेव. तव्याची कड कुकरच्या दांड्याला लागली, तर तिसरा बर्नर फक्त चहाचा. तेवढ्यासाठी जास्त पैसे देऊ नकोस. दोघांच्या घराला लांबरुंद दोन बर्नरची शेगडी पुरते. सुगीत माणसं वाढली तरी त्यावर निभतं, आम्ही निभावलंय.

आता स्टँड. भाकरी तव्यावरून काढून जाळावर फुगवायची, तर स्टँडचे दात फार लांब लांब नकोत, भाकरी मधे लोंबते. फोडणीचं कढलं ठेवून बघ, कलंडलं तर स्टँड बदलून माग. बिडाचा तवा ठेवून स्टँड हलवून बघ, डुगडुगता कामा नये.

काचेबद्दल विचारलंस. पुसायला सोपी, दिसायला छान, हे खरं आहे. पण आपल्याकडे पाव्हणे आले की रुंद बुडाचं पातेलं चढतं. त्याच्या बुडाखाली उष्णता कोंडते आणि खाली काचेवर परत येते. वर कोणी गरम काचेवर ओलं गार फडकं फिरवलं, की टफन्ड काच असली तरी तडकते आणि तिचे बारीक बारीक तुकडे होतात. काचेच्या कडेला कुकर आदळणं तर त्याहून वाईट. तू शांत हाताची आहेस, तुझ्याकडे काच टिकेल. पण घरात आणखी दोन हात आहेत, त्यांचा अंदाज घे. मला विचारशील तर स्टील. मात्र पातळ पत्र्याचं नको. मधोमध अंगठा दाबून बघ, पत्रा दबून टक्‌ आवाज आला तर ठेवून दे. खालून कडेवर बोट फिरव, धार लागली तर तीही शेगडी नको. पुसताना तीच बोटं तिथे जाणार आहेत.

बर्नर हातात उचलून घे. पितळी बर्नर वजनाला चांगला लागतो. नुसता पिवळा मुलामा दिलेला हलका लागतो आणि काही महिन्यांत काळा पडतो. आणि विचार, की ह्याची वरची टोपी, बटण आणि जेट शिरूरच्या बाजारात मिळतं का. नाव मोठं आणि सुट्या भागासाठी पुण्याची फेरी, अशी शेगडी मला चालत नाही.

खाली आयएसआयचं चिन्ह आणि आयएस ४२४६ हा आकडा शोध. गॅस शेगड्यांसाठी तोच ठरलेला आहे. गॅसची जेवढी उष्णता निघते त्यातली किमान ६८ टक्के भांड्यात गेली पाहिजे, असं त्या नियमात आहे. चिन्ह नसेल तर स्वस्त किमतीकडे बघू नकोस. तो पैसा सिलिंडरात जातो.

जमलं तर पेटवून दाखवायला सांग. जाळ निळा आणि स्थिर हवा. पिवळा म्हणजे हवा कमी, भांड्याला काजळी धरणार. उडून फुरफुरतोय म्हणजे हवा जास्त. मोठा जाळ एकदम बारीक करून बघ, विझता कामा नये, कारण दूध आटवायचं त्या बारीक जाळावर. बटण दाबल्याशिवाय फिरायला नको. उद्या घरात लेकरू आलं की हे आठवेल.

आपोआप पेटणाऱ्या शेगडीचा मला काही उपयोग वाटत नाही. दूध उतू गेलं, ठिणगीच्या टोकावर साय चिकटली, की ती रुसते. मग शेवटी लायटरच. तुला हौस असेल तर घे, ती तुझी हौस.

ओट्याचं राहिलंच. भाकरी आता उभ्यानं थापतात, म्हणून शेगडीच्या शेजारी परातीला जागा राहिलीच पाहिजे. शेगडी उंच असेल तर तव्यावर हात टाकताना खांदा वर जातो आणि चार भाकऱ्यांत दुखायला लागतो. ओट्याची उंची, त्यावर शेगडी, त्यावर तवा असं तिन्ही मिळून मोजून ये. शेगडी अगदी खिडकीखाली नको. आपल्याकडे उन्हाळ्यात वारं सुटलं की जाळ एका अंगाला पडतो आणि कधी विझतो, गॅस मात्र चालूच राहतो. खिडकी उघडी हवी, पण समोर नको.

सिलिंडर शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर, उभा, आणि हवा येईल अशा जागी. नव्या फ्लॅटांत तो बंद कपाटात कोंबतात, ते मला पटत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, तळाशी साचतो. कपाटच असेल तर त्याला खालच्या बाजूला भोकं पाडून घे. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, शेगडीच्या मागून फिरवलेली नको आणि मधे जोड अजिबात नको. नळीवरचं साल वाच, पाच वर्षं झाली की बदल, दिसायला चांगली असली तरी. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करायचा.

जाळ पिवळा झाला की शेजारीण सांगेल, जेटमध्ये सुई घाल. बर्नरची भोकं खुशाल टाचणीनं मोकळी कर, पण जेटला सुई लावू नकोस. ते भोक केसभर मोठं झालं तरी गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते, आणि जाळ कायमचा पिवळा होतो. जेट बदलून आणायचा. तो काही महाग नसतो.

लग्नकार्याचा स्वयंपाक ह्या शेगडीवर करायचा नाही. मोठं पातेलं, वीस माणसांचा भात, त्याला भट्टी भाड्यानं आण, आणि भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर घरच्या शेगडीला चुकूनसुद्धा जोडू देऊ नकोस. जोडून दाखवणारे शहाणे असतात गावात.

आम्हाला हे सगळं कोणी शिकवलं नाही. मुंबईत १९५५ साली बर्मा शेलनं घरात गॅस पोचवायला सुरुवात केली, पण आमच्या घरी तो बऱ्याच वर्षांनी आला. तोवर दौंडला कोळशाची शेगडी आणि सासरी चूल. आता पुणे-नगर रस्त्यावर चुलीवरच्या जेवणाच्या पाट्या बघते तेव्हा हसू येतं. धुरानं डोळे सुजायचे ते कोणी पाटीवर लिहीत नाही.

शेवटचं. पुढे पुण्यात बदली झाली आणि तिथे नळाचा गॅस असला, तर ही शेगडी तशीच जोडायची नाही. नळाच्या गॅसचा दाब कमी असतो, त्याला मोठ्या भोकाचा जेट लागतो. कंपनीचा माणूस बोलावून जेट बदलून घ्यायचा, आणि जुने जेट डबीत ठेवायचे. परत इकडे आलीस तर तेच लागतील, आणि मोठ्या जेटवर सिलिंडर लावलास तर जाळ डोक्यापर्यंत येईल.