अनेक सर्व्हर, देखभाल एकाच ठिकाणाहून

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी पुष्कळांचा हिशेब आता वहीतून संगणकात गेला आहे. ज्यांचे दुकान एकीकडे, गोदाम दुसरीकडे आणि कारखाना तिसरीकडे आहे, त्यांच्याकडे प्रत्येक ठिकाणी एक सर्व्हर असतो. बिले, उधारी, मालाचा साठा, कारागिरांची मजुरी, सारे काही त्यात साठविलेले असते. यंत्र घेताना आपण भाव करतो, हमी विचारतो. पण त्यातील सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत कोण करणार, हे मात्र विचारीत नाही. म्हणून हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

दुरुस्ती वेळेवर का हवी?

सॉफ्टवेअरमध्ये दोष राहून जातात. ते सापडले की कंपनी दुरुस्ती पाठविते, तिलाच अपडेट म्हणतात. विंडोजमधील एका दोषावर मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी दुरुस्ती दिली होती. तोच दोष वापरून 12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाजही विस्कळीत झाले. औषध जवळजवळ दोन महिने आधीच आले होते, पण अनेकांनी ते घेतलेच नव्हते.

एकच केंद्र कशासाठी?

समजा, पाच ठिकाणी पाच सर्व्हर आहेत. प्रत्येक ठिकाणचा माणूस सवडीने अपडेट करतो. एक करतो, दुसरा विसरतो, तिसरा भर गर्दीत करून बिलिंग बंद पाडतो. मालकाला कशाचाच पत्ता नसतो. त्याऐवजी एका यंत्राला मुकादम नेमावे. कोणाचे काय बाकी आहे ते त्याने पाहावे आणि मालकाच्या मंजुरीनेच काम करावे.

विंडोज सर्व्हर असेल तर त्यात 'डब्ल्यूएसयूएस' ही सोय असते. ती अपडेट एकदाच उतरवून घेते आणि आपण मंजूर केलेलीच इतर यंत्रांना देते. या सोयीत नवी भर घालणार नसल्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केले आहे, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. लिनक्स असेल तर 'अन्सिबल' हे मोफत साधन आहे. त्यात यंत्रांची यादी व कामाचा क्रम लिहून ठेवतात. मुख्य यंत्र 'एसएसएच' या सुरक्षित मार्गाने प्रत्येक सर्व्हरवर जाऊन ते काम करते. सर्व्हरवर वेगळा प्रोग्राम बसवावा लागत नाही, सहसा पायथन असले की भागते.

कामाचा क्रम

1. सर्व सर्व्हरची यादी करा. कोठे आहे, त्यावर काय चालते, ते लिहा.

2. आधी बॅकअप घ्या. त्याची एक प्रत यंत्रापासून वेगळी ठेवा. त्यातून हिशेब परत उघडतो की नाही, हेही करून पाहा.

3. सर्वांत कमी महत्त्वाच्या यंत्रावर प्रथम अपडेट करा. एकदोन दिवस बिले नीट निघतात का, ते पाहा.

4. मग एकेक सर्व्हर घ्या. एक बिघडला तर तेथेच थांबा.

5. वेळ दुकान बंद झाल्यानंतरची ठेवा. रमजानच्या अखेरच्या दिवसांत कापड दुकाने रात्री उशिरापर्यंत चालतात. तेव्हा साधे अपडेट पुढे ढकलावे. गंभीर दोषाची दुरुस्ती मात्र ईद होईपर्यंत थांबवू नये.

6. शेवटी यादीवर खूण करा. काम झाले असे गृहीत धरू नका.

दोन धोके

पहिला धोका घाईचा. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगातील सुमारे 85 लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. ते अपडेट सर्वांना टप्प्याटप्प्याने गेले असते तर नुकसान पुष्कळ कमी झाले असते.

दुसरा धोका केंद्राचाच. जून 2017 मध्ये युक्रेनमधील 'मी-डॉक' या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच 'नॉटपेट्या' हा व्हायरस पसरला. त्याची झळ न्हावाशेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनललाही बसली आणि कंटेनरचे काम अडले. ज्याच्या हाती सर्व कुलपांच्या किल्ल्या, तोच फुटला तर एकही दार सुरक्षित राहत नाही. म्हणून मुख्य यंत्रावर ईमेल, इंटरनेटवरील भटकंती किंवा मुलांचे खेळ नकोत. त्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटवू नये. किल्ली दोन विश्वासू माणसांकडेच असावी आणि नोकरी सोडून जाणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा.

हे काम बाहेरच्या माणसाकडे दिले असेल तरी महिन्याकाठी त्याच्याकडून यादी मागून घ्या. उधारीची वही आपण कोणाच्या भरवशावर उघडी टाकीत नाही. आता ती वही सर्व्हरमध्ये आहे, एवढाच काय तो फरक.