गोल भांडे साच्यातून निघते कसे?

प्रश्न : मातीच्या गोल भांड्यावरून प्लास्टरचा साचा करतात आणि त्यातून तशीच भांडी काढतात, असे वाचले. पण पोट मोठे आणि गळा अरुंद असलेले भांडे साच्यातून सुटते कसे? दर वेळी साचा फोडतात का?

उत्तर : साचा फोडत नाहीत, तो मुळातच तुकड्यांत केलेला असतो. आडवा छेद घेतला, तर पोटाखालचा भाग सुटेल, पण गळ्याच्या वर काठ पुन्हा रुंदावतो आणि तिथे अडकेल. म्हणून छेद उभा घेतात, काठापासून बुडापर्यंत, बरोबर मधोमध. मग दोन्ही अर्धे बाजूला सरकतात. रेघ जराशी चुकली, तर एका तुकड्यात अर्ध्याहून जास्त गोलाई जाते आणि तो भांडे सोडत नाही. बूड आत दबलेले असेल, तर त्याचा तिसरा तुकडा करतात.

आधी भांड्यावर पेन्सिलीने रेघ मारतात. भांडे आडवे ठेवून रेघेपर्यंत ओल्या मातीत पुरतात, भोवती फळ्या लावतात आणि उघड्या भागावर प्लास्टर ओततात. ते घट्ट झाले की त्याच्या कडेवर दोन-तीन खळगे कोरतात. दुसऱ्या अर्ध्याचे प्लास्टर त्यांत उतरते, त्यामुळे पुढे दोन्ही तुकडे नेमके जुळतात. भांड्याला आणि पहिल्या तुकड्याच्या कडेला मऊ साबण नीट चोळावा लागतो, कारण प्लास्टरला प्लास्टर चिकटते.

प्लास्टर वाळून कडक होते, हा समज चुकीचा आहे. जिप्सम भाजून त्यातले बरेचसे पाणी घालवले की प्लास्टर ऑफ पॅरिस बनते. पाणी मिळताच त्याचे पुन्हा जिप्सम होते आणि हाताला जाणवेल इतके गरम होते. पाण्यात प्लास्टर भुरभुरावे, प्लास्टरवर पाणी ओतू नये, गुठळ्या होतात. वजनाने 100 भाग प्लास्टरला सुमारे 70 भाग पाणी पुरते.

साचा पूर्ण वाळला की त्यात मातीचा पातळ घोळ ओततात. प्लास्टरची सूक्ष्म छिद्रे पाणी शोषतात आणि भिंतीलगत मातीचा थर जमतो. तो पुरेसा जाड झाला की उरलेला घोळ ओतून देतात. थर वाळताना आकसतो आणि आपणहून सुटतो. उत्तर प्रदेशातल्या खुर्जा येथे कपांसारखी कितीतरी भांडी साच्यांतूनच तयार होतात.

मात्र नक्कल मूळ भांड्याएवढी होत नाही. माती वाळून-भाजून 12 टक्के आकसणारी असेल, तर 20 सेंटिमीटर उंचीच्या भांड्याची नक्कल साडेसतरा सेंटिमीटरच्या आसपास भरते. तेवढ्याच मापाची हवी असेल, तर नमुना आधीच मोठा घडवावा लागतो.

घरी करून पाहणार असाल, तर उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नका. ते पाण्याखालीही घट्ट होते आणि नळी कायमची तुंबते.