स्वयंसेवी संस्था आणि मुक्त ज्ञानकोश : नोंदीमागील अर्थशास्त्र

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा व फरीदाबाद या परिसरात अनेक लहानमोठ्या स्वयंसेवी संस्था कार्यरत आहेत. अशा संस्थेत विनामोबदला काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तिची नोंद विकिपीडियावर व्हावी असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ती नोंद कोणी व कशाच्या आधारे करावी, हा प्रश्न संस्थेच्या विश्वासार्हतेशी निगडित आहे.

माहितीची विषमता

ग्राहक विकत घेतलेली वस्तू स्वतः वापरून पाहतो. देणगीदार पैसे देतो, सेवा मात्र तिसऱ्याच व्यक्तीला मिळते. त्यामुळे कामाचा दर्जा त्याला प्रत्यक्ष जोखता येत नाही. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, चांगला व वाईट माल ओळखता न आल्यास चांगला माल बाजारातून हटत जातो. देणग्यांच्या क्षेत्रातही हाच धोका संभवतो. स्वतःची प्रशंसा कोणतीही संस्था करू शकते. म्हणूनच त्रयस्थाची साक्ष मोलाची ठरते.

नोंदीचे निकष

विकिपीडियाचा आरंभ जानेवारी २००१ मध्ये, तर मराठी आवृत्तीचा १ मे २००३ रोजी झाला. तटस्थ दृष्टिकोन, पडताळणीयोग्य माहिती आणि अप्रकाशित संशोधनास मज्जाव ही त्याची प्रमुख तत्त्वे होत. संस्थेचे कार्य स्तुत्य असणे नोंदीसाठी पुरेसे नसते. संस्थेशी संबंध नसलेल्या विश्वसनीय प्रकाशनांनी तिची सविस्तर दखल घेतलेली असावी लागते. संस्थेचे संकेतस्थळ किंवा प्रसिद्धिपत्रक यांमुळे ही अट पूर्ण होत नाही.

'गूंज'चे उदाहरण

अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत 'गूंज' ही संस्था स्थापन केली. शहरांतील वापरलेले कपडे तिने विकासकार्याचे साधन बनवले. ग्रामस्थ विहीर, रस्ता यांसारखी कामे श्रमदानाने करतात व त्याबद्दल त्यांना कपडे आणि इतर साहित्य मिळते. गुप्ता यांना २०१५ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला. त्याचे मानपत्र पुरस्कार देणाऱ्या प्रतिष्ठानाचे आहे, संस्थेचे नव्हे. ज्ञानकोशाला आधार हवा असतो तो अशाच बाह्य दस्तऐवजांचा.

स्वयंसेवकाचे कर्तव्य

स्वयंसेवकाने आपल्याच संस्थेवर लेख लिहिल्यास हितसंबंधांचा संघर्ष उद्भवतो. वेतन घेऊन संपादन करणाऱ्याने ते जाहीर करण्याचे बंधन २०१४ पासून आहे. विनावेतन स्वयंसेवकानेही आपले नाते उघड करावे आणि स्वतः लेख न बदलता चर्चापानावर संदर्भांसह सूचना मांडावी. लेख एकदा झाला की त्यात संस्थेवरील साधार टीकाही येऊ शकते, याची जाणीव ठेवावी.

मर्यादा

वृत्तपत्रांचे लक्ष न गेलेली, एखाद्या वस्तीत निष्ठेने शाळा चालवणारी संस्था ज्ञानकोशात नसेल. म्हणून तिचे कार्य कमी प्रतीचे ठरत नाही. तिने लेखापरीक्षित हिशेब व वार्षिक अहवाल जनतेसमोर ठेवावेत आणि अभ्यासकांना आपले काम तपासू द्यावे. अशा तपासणीतूनच स्वतंत्र लेखन निर्माण होते. नोंद झाली नाही तरी देणगीदार व लाभार्थी यांच्याप्रती असलेले उत्तरदायित्व त्यातून पार पडते.

अभ्यासप्रश्न : स्वयंसेवी क्षेत्रातील माहितीची विषमता कमी करण्यात त्रयस्थ मूल्यमापनाची भूमिका विशद करा.