मुक्या जिवांची जबाबदारी



हौसेने आणलेले पिल्लू मोठे झाले, आजारी पडले की आपल्यापैकी काहीजण त्याला दूर कुठेतरी सोडून येतात. प्रश्न मिटत नाही, तो दुसऱ्यांच्या दारात जातो. लस न दिलेले कुत्रे तिथल्या मुलांना चावले तर? रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. प्राण्याला असे उपासमारीत टाकणे १९६० च्या कायद्यानुसार गुन्हाही आहे.

जनावरांची गरज ओळखणे हे नीतिमानाचे लक्षण, असे नीतिसूत्रे (१२:१०) शिकवते. प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा माणसांशीही तसाच वागू लागतो, असा इशारा संत थॉमस अक्वायनस यांनी दिला आहे. आपली मुले आपल्याकडूनच शिकतात.

म्हणून पिल्लू आणण्यापूर्वी विचार करू या. आणले तर लस देऊ या, नसबंदी करून घेऊ या आणि शेवटपर्यंत सांभाळू या.