नोंदवहीतील नाव

साथीच्या रोगांचे सर्वेक्षण ज्यांनी केवळ कचेरीतील तक्त्यांतून पाहिले असेल त्यांना ते आकडेमोडीचे शास्त्र वाटणे साहजिक आहे. परंतु ज्याने आपल्या उमेदीची वर्षे तालुक्याच्या दवाखान्यांत घालविली, त्याला हे पुरते ठाऊक असते की ही सारी यंत्रणा, तिच्या प्रयोगशाळा, तिचे संगणक आणि तिचे मासिक अहवाल धरून, एकाच गोष्टीच्या आधाराने चालते, आणि ती म्हणजे आजारी माणसाने आपण होऊन दवाखान्याची पायरी चढणे. तो आलाच नाही, तर त्याच्या रोगाची नोंद कोणत्याही यंत्राला करता येत नाही. आणि तो येतो तो, आपल्या दुखण्याची हकीकत या चार भिंतींबाहेर जाणार नाही या भरवशावर. हा भरवसा एकदा मोडला म्हणजे काय होते ते मी जवळून पाहिले आहे, आणि या खात्यात आज नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना, त्याचप्रमाणे ज्यांच्या आजारांच्या नोंदी आज ठिकठिकाणी साठत आहेत त्या सर्व रुग्णांना, त्यातून निघणाऱ्या चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आहे.

आपल्या देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ साली सुरू झाला, तेव्हा दर आठवड्याला तीन नमुने भरून पाठविण्याचा शिरस्ता पडला. ‘एस’ नमुना आरोग्यसेविकेचा: तापाचे किती, खोकल्याचे किती, जुलाबाचे किती. ‘पी’ नमुना वैद्यकीय अधिकाऱ्याचा, त्याने लक्षणांवरून केलेल्या निदानांचा. ‘एल’ नमुना प्रयोगशाळेने पक्क्या केलेल्या निदानांचा. पहिल्या दोहोंत बेरजा होत्या, नावे नव्हती. पुढे एप्रिल २०२१ मध्ये हेच काम नव्या डिजिटल मंचावर देशभर सुरू झाले, पाळतीखालील रोगांची संख्या अठरावरून ३३ झाली, आणि आठवड्याच्या बेरजेची जागा एकेका रुग्णाच्या स्वतंत्र नोंदीने घेतली. या बदलाचा मी कैवारीच आहे. कागदी नमुना तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून राज्याला पोहोचेपर्यंत एखाद्या वाडीतील गॅस्ट्रोची साथ येऊन उलटून गेलेली असे. आता दोन दिवसांत एकाच विहिरीवरचे पाच रुग्ण नकाशावर एकमेकांशेजारी दिसतात आणि विहिरीत वेळेवर जंतुनाशक टीसीएल पडते. परंतु पूर्वी जी माहिती एका आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत आणि तिच्या स्मरणात राहत असे, ती आता पडद्यावर उमटते, आणि पडद्यावर उमटलेल्या गोष्टीचे छायाचित्र काढून ती शंभर ठिकाणी धाडण्यास एक क्षण पुरतो. यंत्र बदलले त्या प्रमाणात आमच्या कचेऱ्यांच्या सवयी बदलल्या नाहीत.

आता भरवसा मोडल्याची ती घटना. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणे मे २०१२ पासून सक्तीचे आहे, आणि ‘निक्षय’ प्रणालीत ती नावानिशी करावीच लागते. कारण सहा महिने औषध चालवायचे, मध्येच खंड पडला तर घरी जाऊन विचारपूस करायची, घरातील इतरांना तपासायचे आणि पोषणासाठीचे अनुदान (२०१८ साली ते महिना ५०० रुपये होते, आता १००० आहे) बँकेतील खात्यावर जमा करायचे, यांपैकी एकही काम निनावी होण्याजोगे नाही. मी एका तालुक्याच्या गावी असताना एका आढावा बैठकीपूर्वी वरिष्ठ कचेरीतून तगादा आला की औषधोपचार चालू असलेल्या सर्व रुग्णांची यादी आजच्या आज हवी. किती रुग्ण, किती नियमित आणि किती खंडित एवढ्याने त्या बैठकीचे काम भागले असते. मागविली मात्र यादी. ती रीतसर गेली. तेथे कोणीतरी छापील कागदाचे मोबाईलवर छायाचित्र काढले आणि तालुक्यातील निरनिराळ्या खात्यांत समन्वय राहावा म्हणून केलेल्या व्हॉट्सॲप गटावर ते टाकले. त्या गटात ग्रामसेवक होते, पोलीस पाटील होते, काही लोकप्रतिनिधी होते, आणि वार्ताहरही होते. दिवेलागणीपर्यंत ते चित्र वाड्यावस्त्यांवर पोहोचले. अनुक्रमांक, पूर्ण नाव, वाडी, वय, भ्रमणध्वनी, औषध सुरू झाल्याची तारीख, असे त्यातील रकाने होते. मूळ नोंदवहीत एच.आय.व्ही. तपासणीचाही रकाना असतो. तो त्या कागदावर उतरला नव्हता, एवढेच काय ते समाधान.

त्या यादीत एस.टी. स्थानकाजवळ खानावळ चालविणाऱ्या एका बाईंचे नाव होते. त्यांना मानेच्या गाठींचा क्षय झाला होता, ज्याला जुनी माणसे गंडमाळ म्हणतात. फुप्फुसाचा क्षय खोकल्यावाटे पसरतो; केवळ गाठींचा क्षय श्वासातून किंवा हातच्या अन्नातून कोणालाही होत नाही, आणि फुप्फुसाच्या क्षयाचा रुग्णसुद्धा योग्य औषध नियमित सुरू झाल्यानंतर थोड्याच आठवड्यांत इतरांना फारसा धोकादायक राहत नाही. परंतु रोग शरीराच्या कोणत्या भागाचा हे सांगणारा रकाना त्या कागदावर नव्हता. ज्या माहितीने त्या बाईंचे रक्षण झाले असते ती वगळली गेली होती, आणि जिच्यामुळे त्यांचे नुकसान होणार होते ती ठळक अक्षरांत गावभर फिरत होती. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा जेवणाची वेळ असूनही बाकडी रिकामी होती. वाहक-चालकांचे आणि कॉलेजातल्या मुलांचे डबे, ज्यांच्या झाकणांवर तेलरंगाने ज्याची त्याची नावे लिहिलेली होती, घासूनपुसून भिंतीशी एकावर एक रचून ठेवलेले होते. ते नेण्यास कोणी आले नव्हते. “मावशी, गोळ्या चालू आहेत ना?” मी विचारले. त्या म्हणाल्या, “साहेब, गोळी मी एक दिवस चुकवली नाही. तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. मग माझं नाव असं गावात कुणी फिरवलं?” याला देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते. त्यांनी औषधाचा क्रम पुरा केला आणि त्या बऱ्या झाल्या. खानावळ मात्र पुन्हा उभी राहिली नाही.

याच यादीतील बाजार समितीमधला एक हमाल औषध अर्धवट टाकून परजिल्ह्यात बहिणीकडे निघून गेला, आणि त्याच्यापर्यंत पुन्हा पोहोचण्यात आमचा बहुमोल काळ गेला. फुप्फुसाच्या क्षयाचे औषध मध्येच सुटले म्हणजे जंतूंना औषधाला दाद न देण्याची शक्ती येण्याचा संभव असतो, आणि मग पुढचा उपचार दीर्घ व यातनामय होतो. परंतु याहूनही मोठी हानी ज्यांची नावे त्या यादीत नव्हती त्यांच्या वागण्यातून घडली. बेडका तपासण्यासाठी सकाळी डब्या घेऊन येणाऱ्यांची ओळ विरळ होत गेली. खोकणारी माणसे जिल्ह्याच्या गावी जाऊन, परगावचा पत्ता सांगून, पदरचे पैसे मोजून औषध घेऊ लागली. काहींनी नुसतीच खोकल्याची बाटली आणली. आमच्या तालुक्याचा आकडा खाली आला, आणि पुढच्या आढाव्यात त्या घटीचा अर्थ रोग ओसरला असा लावला गेला. रोग जागच्या जागी होता. आमच्याकडे येणारी माणसे तेवढी कमी झाली होती.

असे प्रथमच घडत होते असे नव्हे, आणि महाराष्ट्राला तर ही गोष्ट कोणी शिकविण्याची गरज नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले; पुढल्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, अवघ्या चार कलमांचा, ज्यात अंमलदारांना अधिकार आणि संरक्षण होते, परंतु रुग्णाच्या प्रतिष्ठेविषयी एक अक्षर नव्हते. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरे धुंडाळली, आणि परिणाम असा झाला की लोकांनी रोगी माळ्यावर आणि परसात लपविले, प्रेतेसुद्धा लपविली. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. शोध जितका कठोर, तितके लपणे अधिक, हे पुण्याने तेव्हा पाहिले; आणि २०२० च्या मार्चमध्ये परदेशाहून आलेल्यांच्या हातांवर शाईचे शिक्के उमटू लागले तेव्हा, त्या उपायामागचा हेतू शुद्ध आहे हे मान्य असूनही, मला त्या जुन्या इतिहासाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

नाव घेतल्यावाचून रोग मोजताच येत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच देशातील दोन उदाहरणे पाहावीत. एच.आय.व्ही.चा प्रसार गरोदर स्त्रियांत किती आहे हे जाणण्यासाठी १९९८ पासून देशभर जी पाहणी होऊ लागली, तीत गुप्तरोगाच्या नेहमीच्या तपासणीसाठी घेतलेल्या रक्ताचा उरलेला अंश, त्यावरील नाव आणि ओळख पुसून टाकून, तपासला जाई. कोणत्या बाईचे रक्त ते तपासणाऱ्यालाही कळण्याचा मार्ग नसे, परंतु त्या जिल्ह्यात रोग वाढतो आहे की घटतो आहे हे मात्र कळे. दुसरे उदाहरण मुंबईच्या गटारांचे. पोलिओचा विषाणू शहरात फिरतो आहे काय हे पाहण्यासाठी तेथील सांडपाण्याचे नमुने २००१ पासून नेमाने घेतले जाऊ लागले, आणि देशातील शेवटचा वन्य पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळल्यानंतरही ते काम थांबविले नाही. सांडपाण्याला ना जात, ना पत्ता, ना भ्रमणध्वनी. आजाराचे औषध द्यायचे असेल तेथे नाव हवे. आजाराची दिशा ओळखायची असेल तेथे बहुधा नको.

म्हणून या खात्यातील तरुण सहकाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे, की वरून माहितीचा तगादा आला म्हणजे ‘कोणत्या कामासाठी’ हा प्रश्न नम्रपणे परंतु लेखी विचारावा. बैठकीसाठी संख्या पाठवावी, यादी नव्हे. जेथे यादी अपरिहार्य असेल तेथे ज्याला जो रकाना लागतो तेवढाच द्यावा: औषध भांडारपालाला मात्रा आणि संख्या लागतात, नावे लागत नाहीत; फवारणीच्या पथकाला गल्ली लागते, कोणत्या घरात डेंग्यू आहे हे लागत नाही. नाव खोडले म्हणजे ओळख पुसली गेली, या भ्रमात मात्र राहू नये. अमेरिकेत लतान्या स्वीनी या संशोधिकेने नव्वदीच्या दशकात केवळ जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा संकेतांक यांच्या मेळातून मॅसॅच्युसेट्स राज्याच्या गव्हर्नरांचीच रुग्णालयीन नोंद ‘निनावी’ कागदपत्रांतून शोधून काढली होती. आपल्याकडे तर तीनशे उंबऱ्यांच्या गावात ‘स्त्री, वय ३४, क्षयरोग’ एवढे लिहिले की पाणवठ्यावरची कोणतीही बाई नाव सांगू शकेल. गावातील संख्या चार-पाचांहून कमी असेल तेव्हा आकडा गावाचा न देता उपकेंद्राचा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचा द्यावा, आणि वयाऐवजी वयोगट लिहावा.

दुसरी गोष्ट उपकरणांची. संगणकाच्या पडद्याला चिकटविलेली पासवर्डची चिठ्ठी मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तिची तक्रार करण्याचे भानही मला उरले नव्हते; एकाच खात्यावर चौघे काम करू लागले म्हणजे यादी कोणी उघडली, कोणी उतरवून घेतली याचा मागमूस राहत नाही. आशाताईंचा मोबाईल पुष्कळदा घरातील मुलांच्याही हाती असतो. त्यात काढलेली कागदांची छायाचित्रे आपोआप अन्यत्र साठविली जातात, म्हणून केसपेपराचे छायाचित्र काढण्याची वेळच येऊ नये अशी तजवीज त्यांच्या पर्यवेक्षकांनी करावी, त्याचा दोष आशाताईंच्या माथी मारू नये. आणि रुग्णाच्या घरी जाताना खात्याची नावानिशी रंगविलेली गाडी दारात उभी करू नये. चार घरे अलीकडे थांबवून पायी जावे.

रुग्णांसाठी सांगायचे ते असे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निवाडा दिलेला आहे. एच.आय.व्ही.विषयक २०१७ च्या कायद्याने, काही ठराविक अपवाद सोडता, रुग्णाच्या लेखी संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास मनाई केली आहे. ‘आभा’ हा आरोग्य खात्याचा डिजिटल क्रमांक काढणे ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कोणी उपचार नाकारू लागल्यास वरिष्ठांकडे दाद मागावी. दवाखान्यातील नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलाने मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला, तर तो कशासाठी हे विचारल्यावाचून सांगू नये, आणि कोणती कागदपत्रे कोणाला, किती मुदतीसाठी पाहता येतील हे वाचून मगच संमती द्यावी. दिलेली संमती पुढे मागे घेता येते. परंतु या सावधगिरीपोटी क्षयाची, मलेरियाची किंवा गॅस्ट्रोची खरी माहिती डॉक्टरांपासून दडवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण तुमच्या घरातील लहान मुलाचे रक्षण त्याच माहितीवर अवलंबून असते.

आणि एवढे करूनही यादी बाहेर गेलीच, तर वर्तमानपत्राला खुलासा देण्यापूर्वी आणि चौकशीचा कागद फिरण्यापूर्वी त्या यादीतल्या प्रत्येकाच्या घरी खात्याच्या जबाबदार माणसाने त्याच दिवशी स्वतः जावे; काय काय बाहेर गेले ते रकान्यागणिक सांगावे, क्षमा मागावी, औषध दुसऱ्या गावच्या केंद्रातून घ्यायचे असल्यास तशी सोय तिथल्या तिथे लावून द्यावी, आणि ज्याचा रोग संसर्गजन्य नाही त्याला हवे असेल तर तसा सहीशिक्क्याचा दाखला हातात द्यावा.