आंबा कलमांची रोपवाटिका : व्यवसाय म्हणून सुरू करताना

सन १९९० मध्ये राज्यात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि कलमांची मागणी वाढली. परसात शे-दीडशे कलमे बांधणारे शेतकरीही रोपवाटिकेकडे वळले. आज या व्यवसायात उतरणाऱ्या शेतकरी बंधूंनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. भाजीचे रोप चुकीचे निघाले तर ते त्याच हंगामात कळते. आंब्याचे कलम चुकले तर गिऱ्हाइकाला चार-पाच वर्षांनी, फळ धरल्यावर कळते. तुम्ही पैसे परत कराल, पण त्याची वर्षे कशी परत करणार?

म्हणून पहिला खर्च शेडनेटवर नव्हे, तर मातृवृक्षांवर करावा. ज्या झाडांचे उत्पन्न व फळांची प्रत तुम्ही स्वतः काही वर्षे पाहिली आहे, तीच निवडावीत. प्रत्येक झाडावर रंगाने क्रमांक टाकावा. हापूस, केसर, रत्ना यांच्या काड्या एकाच टोपलीत कधीही आणू नयेत. नुसत्या काडीवरून जात ओळखण्याची बढाई भले भले मारतात; तिच्यावर विसंबू नये.

कोय कलमासाठी जून-जुलैमध्ये ताज्या कोया गादीवाफ्यावर रुजत घालाव्यात. कोयीची उगवणशक्ती लवकर कमी होते, त्यामुळे साठवण करू नये. पाण्यावर तरंगणाऱ्या कोया टाकून द्याव्यात. रोप दोन आठवड्यांचे, पाने तांबूस व खोड कोवळे असतानाच कलम बांधावे. काडी तीन-चार महिने वयाची, रोपाच्या जाडीची व डोळा फुगलेली घ्यावी. तिची पाने आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून छाटलेली असावीत. चार-पाच सेंटिमीटरची पाचर रोपाच्या चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावी. कोकणातील पावसाळी दमट हवा या कामास मानवते.

खरी फसगत पुढे होते. काडी मरते, पण खालचे खुंटरोप जोमाने फुटते. घाईत मजूर तेच हिरवे रोप कलम म्हणून गाडीत चढवितो आणि गिऱ्हाइकाच्या बागेत हापूसऐवजी रायवळ उभा राहतो. म्हणून जोडाखालची फूट दर आठवड्याला खुडावी आणि विक्रीच्या दिवशी प्रत्येक पिशवीतील जोड स्वतः बोटाने चाचपून पाहावा. हे काम गड्यावर सोपवू नये.

फळझाडांच्या रोपवाटिकेस कृषी खात्याचा परवाना लागतो, तो विक्रीपूर्वी घ्यावा. मातृवृक्षाचा क्रमांक, कलम बांधल्याची तारीख, बांधणाऱ्याचे व गिऱ्हाइकाचे नाव वहीत लिहावे. पाच वर्षांनी कोणी तक्रार घेऊन आला तर हीच वही उघडावी लागते.

सुरुवातीस आगाऊ मागणी असेल तेवढीच कलमे बांधावीत. न खपलेले कलम लहान पिशवीत दुसऱ्या वर्षी ठेवले की मुळ्यांचे वेटोळे होते. असे कलम स्वस्तात काढून टाकण्याचा मोह होतो. ते वेळीच मोठ्या पिशवीत हलवावे, नाहीतर मोडून टाकावे.